पणजोबांची बोट शोधताना: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

घरात माहिती होती ती एवढीच. पणजोबा राघो नेव्हीत होते, पहिल्या महायुद्धात त्यांची बोट बुडाली आणि ते परतले नाहीत. आजोबा तेव्हा पाळण्यात. त्यांची 'नळी', म्हणजे खलाशाच्या नोकरीचा दाखला, घरात होती म्हणे, पण मी ती कधी पाहिली नाही. बोटीचं नाव आत्या छातीठोकपणे सांगायची: 'पर्शिया'.

नऊ महिने रोज रात्री तासभर बसल्यावर कळलं की 'नेव्ही' चूक होतं आणि 'पर्शिया'ही चूक. ते कसं कळलं आणि कुठल्या साधनाचा किती उपयोग झाला, ते लिहून ठेवतोय.

सुरुवात अर्थातच चुकीच्या दारापासून केली. लंडनजवळ क्यू इथे ब्रिटिश नॅशनल आर्काइव्हज आहे. तिथल्या एडीएम १८८ या मालिकेत रॉयल नेव्हीच्या साध्या नाविकांची सेवापुस्तकं आहेत, आणि एडीएम १९६ मध्ये अधिकाऱ्यांची. कॅटलॉग घरबसल्या चाळता येतो, शोध चांगला चालतो. तुमचे पूर्वज खरोखर रॉयल नेव्हीत असतील तर पहिल्याच आठवड्यात जन्मतारखेपासून बोटींच्या नावांपर्यंत सगळं हाती लागेल. मी तीन आठवडे घालवले आणि एकही राघो सापडला नाही. सापडणार तरी कसा? कोकणातले बहुतेक खलाशी व्यापारी आगबोटींवर होते. सरकारी कागदात ते 'लस्कर'. पण घरच्यांच्या लेखी समुद्रावर गेला तो नेव्हीत गेला. त्यामुळे आधी हा एक प्रश्न स्वतःला विचारा: युद्धनौका की मालवाहू बोट? दोन्हींचे कागद पार वेगळ्या ठिकाणी आहेत.

आता 'पर्शिया'. पी अँड ओ कंपनीची ही प्रवासी बोट मुंबईकडे येत असताना ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटच्या दक्षिणेला यू-३८ या जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारून बुडवली. काही मिनिटांत सगळा खेळ आटोपला. ५१९ पैकी ३४३ माणसं गेली. कपूरथळ्याचे महाराज जगतजितसिंग मार्सेलला उतरले होते म्हणून वाचले. बोटीवरचे ब्रिटिश उमराव लॉर्ड माँटेग्यू वाचले, त्यांच्या सेक्रेटरी एलिनॉर थॉर्नटन बुडाल्या. या लोकांबद्दल वाचायला बसलात तर आठवडा पुरणार नाही. बोटीवरच्या लस्करांबद्दल मात्र सगळीकडे एक ओळ, फार तर दीड. माझा अंदाज असा की त्या काळात किनाऱ्यावर ज्या बोटीचं नाव सगळ्यांना ठाऊक झालं, तेच ज्या घरात माणूस परत आला नाही त्या घराला चिकटलं. आत्याचा त्यात काही दोष नाही.

हे उमगलं ते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात गेलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या यादीमुळे. ही यादी फुकट आहे, आणि एकाच साधनाचं नाव घ्यायचं झालं तर मी हिचंच घेईन. समुद्रात गेलेल्यांना थडगं नसतं, त्यामुळे त्यांची नावं स्मारकांवर असतात. पहिल्या महायुद्धातल्या भारतीय खलाशांसाठी 'बॉम्बे १९१४-१९१८ मेमोरियल' आहे, मुंबईतच, मसजिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. दोन हजारांहून जास्त नावं. (दुसऱ्या महायुद्धातलं कुणी असेल तर 'बॉम्बे १९३९-१९४५' शोधा. तीच नावं चितगावच्या स्मारकातही आहेत.)

नाव टाकून शोधायच्या फंदात पडू नका. मी 'राघो' इंग्रजीत सात-आठ तऱ्हांनी लिहून पाहिलं. कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं, आणि आडनावाच्या रकान्यात बहुतेक वेळा बापाचं नाव येतं. शेवटी त्या स्मारकाची पूर्ण यादीच उतरवून घेतली, एक्सेलमध्ये टाकली आणि बोटीच्या नावाने लावली. मग ओळ न् ओळ मोठ्याने वाचली. हो, मोठ्याने. रागू, रुग्गो, रगोबा हे डोळ्यांना वेगळे दिसतात, कानाला एकच. 'पर्शिया'खाली आमचं कुणी नव्हतं. दुसऱ्या चार बोटींवर चार राघो निघाले.

त्या चौघांतला आपला कोण, हे १९१५च्या क्रू लिस्टांनी, म्हणजे बोटींवरच्या माणसांच्या याद्यांनी सुटलं. ग्रिनिचचं नॅशनल मॅरिटाइम म्युझियम आणि नॅशनल आर्काइव्हज यांनी मिळून हे काम केलंय. स्वयंसेवकांनी सुमारे ३९,००० याद्या उतरवल्या, साडेसात लाखांवर नावं आहेत आणि मूळ पानाचं चित्रही दिसतं. तेही फुकट. वय, जन्मगाव, बोट, हुद्दा सगळं येतं. रत्नागिरीचं स्पेलिंग दर पानाला वेगळं, एका ठिकाणी तर ते वाचून 'रुटनाघेरी' होतं. पण बापाचं नाव आणि गाव एकत्र जुळलं असं एकच पान निघालं. अडचण एवढीच की हे फक्त १९१५ सालचं आहे आणि पणजोबा १९१७ मध्ये गेले, दुसऱ्याच बोटीवर.

त्या पुढच्या कागदासाठी थेट कॅनडा गाठावं लागलं. ब्रिटिश बोटींच्या १८६३ ते १९३८ या काळातल्या सुमारे ७० टक्के क्रू लिस्टा न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स इथे, मेमोरियल युनिव्हर्सिटीच्या मॅरिटाइम हिस्टरी आर्काइव्हमध्ये आहेत. क्यूने दहा टक्के नमुना म्हणून ठेवल्या, ५ ने संपणारी सालं ग्रिनिचला गेली. सेंट जॉन्सला मागणी करताना बोटीचं नाव पुरत नाही, 'ऑफिशियल नंबर' लागतो. एका नावाच्या पाच बोटी असू शकतात, नंबर मात्र बोटीचा जन्मभर तोच. लॉइड्स रजिस्टर या बोटींच्या नोंदवहीच्या जुन्या पुस्तकांत तो मिळतो. नक्कल मिळायला पैसे पडतात, थांबावंही लागतं. पण खर्च केल्याचं समाधान मला याच एका कागदाने दिलं.

मधल्या काळात वंशावळीच्या, पैसे घेणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाचं सदस्यत्वही घेतलं होतं. नाव देत नाही. दर आठवड्याला 'तुमचे पूर्वज सापडले' अशी मेल यायची. एकदा स्कॉटलंडमधला एक पाद्री पणजोबा म्हणून पुढे केला. आपल्या नावांची रचनाच त्यांच्या रकान्यांत बसत नाही. मुदत संपल्यावर न विचारता पुढच्या मुदतीचेही पैसे कापले, ते परत मिळवण्यात दीड महिना गेला. फुकटच्या दोन याद्या नीट वाचल्याशिवाय तिकडे फिरकू नका.

न्यूफाउंडलंडहून आलेल्या नकलेत पणजोबांचं वय २४ आहे. घरच्या हिशेबाने ते तिशीच्या पुढचे. वयं अंदाजाने सांगितली जात, त्यामुळे त्याचं मला फारसं नवल नाही. मी अडकलोय तो त्याच पानावरच्या बाकीच्या नावांत. सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आपली माणसं आपल्याच गावातून, नात्यागोत्यातून गोळा करून बोटीवर नेई, आणि ते या पानावर सरळ दिसतं. सारंग आमच्याच गावचा, तांडेल (सारंगाच्या हाताखालचा) शेजारच्या वाडीचा, कसाब (बोटीवरचा भांडारी) आणि आणखी आठ जण खाडीपलीकडचे. त्यातले नऊ जण वॉर ग्रेव्हजच्या यादीत त्याच तारखेला आहेत. तांडेल नाही. म्हणजे तो वाचला असावा, आणि बोट बुडाल्याची खबर गावात त्यानेच आणली असावी. आत्याला त्याचं नाव वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या वाडीतली म्हातारी दर गणपतीत आपल्या घरी यायची, का ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वाडीत आता कोण राहतं, ते विचारायला सांगितलंय.