एकच लिंक, आठ महिने: मोडीच्या ऑनलाइन वर्गाचा अनुभव

शनिवार-रविवारी रात्री पावणेआठ वाजले की माझा फोन सुरू व्हायचा. 'मॅडम, लिंक?' 'ताई, आजची लिंक टाकली का?' 'लिंक उघडत नाहीये.' आणि आठ वाजून दहा मिनिटांनी, वर्ग रंगात आलेला असताना, 'आज वर्ग आहे ना?' मी वाईहून मोडी लिपी शिकवते. वर्ग ऑनलाइन, आठवड्यातून दोन दिवस. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली आणि माझ्याकडे नाना तऱ्हेची माणसं येऊ लागली. निवृत्त तलाठी, एमएचे विद्यार्थी, वकिलाकडचे कारकून, पणजोबांच्या दप्तरातलं गाठोडं उलगडून बसलेल्या आजी, शिवाय लंडन, दुबई आणि न्यू जर्सीतले तिघंचौघं. या सगळ्यांना एकाच वेळी एकाच खोलीत आणणं हे 'ज' आणि 'त'ची वळणं शिकवण्यापेक्षा अवघड आहे, हे मला उशिरा कळलं.

गेल्या जूनमध्ये मी पद्धत बदलली. आता दोन तुकड्या झाल्यात, पहिलीत ३४ जण, दुसरीत ४१. त्या आठ महिन्यांचा हा हिशेब.

आधी काय करत होते ते थोडक्यात. झूमवर दर वेळी नवी मीटिंग, नवी लिंक, ती व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर. फुकटच्या झूमला चाळीस मिनिटांची मर्यादा, त्यामुळे एका रात्रीत दोन लिंका. मजकुराच्या वाचनात गुंतलेलो असताना खोली बंद, मग सगळे पुन्हा आत येईपर्यंत दहा मिनिटं गेली. ब्रॉडकास्टचा घोळ त्याहून मोठा. ज्याने माझा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोहोचतच नाही, आणि माझ्या फोनवर मात्र मेसेज गेल्याचं दिसतं. एक आजी सलग तीन आठवडे गैरहजर. मी समजले, सोडला त्यांनी वर्ग. त्या समजल्या, मॅडमनी बंद केला.

आताची रचना अशी. गूगल कॅलेंडरमध्ये वर्गाची एकच नोंद केली, दर शनिवार-रविवार रात्री ८ अशी पुनरावृत्ती लावली आणि तिलाच गूगल मीटची लिंक जोडली. पुनरावृत्तीच्या सगळ्या वर्गांना लिंक तीच राहते. तुकडी संपेपर्यंत बदलायची नाही. ती लिंक मी व्हॉट्सॲपवर एका वेगळ्या ग्रुपमध्ये ठेवते, जिथे फक्त ॲडमिन मेसेज टाकू शकतो. गप्पा, शंका, सुप्रभातची फुलं आणि नातवंडांचे वाढदिवस यांच्यासाठी दुसरा ग्रुप आहे. त्यावर माझं काही म्हणणं नाही, फक्त तिथे लिंक टाकायची नाही.

यातला खरा कामाचा भाग पिन, म्हणजे ग्रुपच्या वर टाचून ठेवलेला मेसेज, नव्हे; ग्रुपच्या नावाखालची माहितीची जागा, म्हणजे डिस्क्रिप्शन आहे. मी आधी पिनवर विसंबले. पिन छान दिसते, ग्रुप उघडला की डोक्यावर. पण ती जास्तीत जास्त तीस दिवस टिकते, मग पुन्हा लावावी लागते, आणि जुलैत एका शनिवारी ती गुपचूप उतरली आणि फोन पुन्हा सुरू झाले. शिवाय मधेच दाखल झालेल्याला आधीचे मेसेज आपोआप दिसत नाहीत, म्हणजे पिन केलेलाही नाही. डिस्क्रिप्शन मात्र सगळ्यांना दिसतं, कालच्याला आणि आजच्याला. म्हणून आता पहिल्या दिवशी मी लिंक शिकवतच नाही, ती कुठे आहे ते शिकवते: 'ग्रुपच्या नावावर बोट ठेवा. खाली लिंक आहे. चार महिने तिथेच असणार आहे.' निवृत्त तलाठी काकांना हे लगेच पटलं. म्हणाले, 'म्हणजे सातबारा तलाठ्याकडे तसं.'

मजकूर कसा लिहायचा यावर मी सगळ्यात जास्त शिकले. पूर्वी लिहायचे, 'उद्या ८ वाजता वर्ग आहे, खालील लिंकवरून यावे.' या एका ओळीत दोन सापळे आहेत. 'उद्या' हा शब्द मेसेज वाचेपर्यंत शिळा होतो. शुक्रवारी टाकलेला मेसेज कुणी शनिवारी वाचला की त्याचा वर्ग रविवारी जातो. आणि '८ वाजता' म्हणजे सकाळी की रात्री? तुम्हाला हसू येईल, पण रविवारी सकाळी आठला खरोखर दोघं येऊन बसले होते, त्यातले एक आंघोळ-पूजा आटोपून. आता वार, तारीख, 'रात्री ८' आणि 'भारताची वेळ' एवढं लिहिते. खाली लिंक, स्वतंत्र ओळीवर, आजूबाजूला एकही अक्षर न चिकटवता. मोडीत शब्द तोडत नाहीत, आधी पानभर शिरोरेघ ओढायची आणि ओळ सलग लिहीत जायची. लिंकचंही तसंच. मधे एक मोकळी जागा पडली की पुढचं कामातून गेलं. वर्गात हे सांगितल्यापासून निदान कुणी लिंक दोन तुकड्यांत पुढे पाठवत नाही.

आणि एका मेसेजात एकच लिंक. वाचनाच्या कागदाचा फोटो मी ड्राइव्हवर ठेवते. सुरुवातीला वर्गाची लिंक आणि कागदाची लिंक एकाखाली एक टाकायचे. अर्धी मंडळी आठ वाजता कागद उघडून बसायची आणि 'मॅडम, तुमचा आवाज येत नाही' म्हणायची. कागदाचा येणार कसा? त्यात फाइलची परवानगी खुली करायला विसरले तर रात्रभर प्रवेशाच्या विनंत्यांची ईमेल. आता कागद गप्पांच्या ग्रुपवर जातो, वर्ग सूचनांच्या ग्रुपवर.

छोटी, सुटसुटीत लिंक करून देणारी एक सेवाही वापरून पाहिली. दिसायला देखणी. पण आमच्याकडे निम्मे जण साठीच्या पुढचे आणि त्या सगळ्यांना घरातल्या पोरांनी बजावलंय, अनोळखी लिंक दाबायची नाही. फोन लावला की सायबर फसवणुकीची सूचना ऐकू येत होती, ते दिवस आठवा. त्यांनी ती लिंक दाबली नाही आणि मला वाटतं त्यांचं बरोबरच होतं. लांबलचक असली तरी मीटचं नाव दिसणारी लिंक त्यांना ओळखीची वाटते. माणसाला पत्ता नुसता पोहोचून भागत नाही, त्यावर विश्वासही बसावा लागतो.

आता माझी चूक. ऑगस्टमध्ये एका शनिवारी आधीच खोली उघडून बसले होते, कुणीतरी फोनवर लिंक मागितली, मी ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता उचलून ग्रुपवर टाकला. माझ्या संगणकावर दोन गूगल खाती उघडी असतात, वर्गाचं खातं दुसरं. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, मग 'ऑथयूजर' आणि १ असं शेपूट चिकटलं होतं. त्याचा अर्थ, 'दुसऱ्या खात्याने उघड.' संगणकावरून येणाऱ्यांपैकी ज्यांची दोन खाती होती त्यांच्याकडे लिंक दुसऱ्याच खात्यातून उघडली. कुणाचं ऑफिसचं, कुणाचं मुलाचं. माझ्या पडद्यावर परक्या नावांनी दार ठोठावणं सुरू झालं आणि मी सावध बाई, एकालाही आत घेतलं नाही. सव्वाआठला नाशिकच्या ताईंचा फोन, 'अहो, मी केव्हाची बाहेर उभी आहे!' तेव्हापासून लिंक पट्टीतून कधीच उचलत नाही, कॅलेंडरच्या नोंदीतून घेते, आणि शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं तर तिथपासून पुढचं पुसून टाकते.

नावांचं सांगायचं तर मीटवर खात्याचं नाव दिसतं. त्यामुळे एक काका आठवडेच्या आठवडे कार्टूनचा फोटो लावलेल्या नातवाच्या नावाने यायचे. मी आत घ्यायचे आणि मग आवाज यायचा, 'नमस्कार, लहान तोंडी मोठा घास घेतोय आज.' त्यांना मी नाव बदलायला सांगितलं नाही.

लिंक उघडतच नसेल तर कोड कामी येतो. मीटच्या लिंकच्या शेवटी दहा इंग्रजी अक्षरं असतात, तीन-चार-तीन अशी. मीट ॲपमध्ये कोड टाकायची जागा आहे, मधल्या आडव्या रेघा नाही टाकल्या तरी चालतं. फोनवर बी, डी, पी, टी सगळे एकसारखेच ऐकू येतात, म्हणून आम्ही गावं ठरवली आहेत: बी बारामतीचा, डी दापोलीचा, पी पुण्याचा, टी तासगावचा. गेल्या चार महिन्यांत असं दोनदाच सांगावं लागलं, पण दोन्ही वेळा माणूस मिनिटाभरात आत होता.

फुकटच्या मीटवर तिघांपेक्षा कमी नसतील तर तासाची मर्यादा आहे आणि पंचावन्नाव्या मिनिटाला पडद्यावर तशी सूचना येते. पहिल्यांदा राग आला. मग वर्गच पंचावन्न मिनिटांचा केला. सूचना आली की गृहपाठ सांगायचा. मर्यादेमुळे माझं पाल्हाळ कमी झालं, असं आमच्या घरातलं मत आहे.

परदेशातल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना मी कॅलेंडरचं आमंत्रण ईमेलवर पाठवते, तिथे त्यांच्या गावची वेळ आपोआप दिसते आणि दहा मिनिटं आधी आठवण येते. पाठवताना पाहुण्यांची यादी एकमेकांना दिसेल ही खूण काढून टाकायची. पहिल्या तुकडीत मी ती काढली नव्हती आणि सगळ्यांचे ईमेल सगळ्यांना दिसले. एकीने नाराजी कळवली, रास्त होती. इथल्या ज्येष्ठांना मात्र ईमेलचा उपयोग शून्य. ते ईमेल उघडतात ते बँकेने दटावलं की.

पण कॅलेंडर असूनही माणूस डोक्यातल्या वेळेवर चालतो. आपले रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात लंडनचे दुपारचे साडेतीन. २६ ऑक्टोबरला, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या रविवारी, तिथली घड्याळं तासाने मागे गेली आणि आपले आठ तिथे अडीच झाले. आमचे लंडनवाले नेहमीप्रमाणे साडेतीनला आले. खोली रिकामी. पुढच्या रविवारी, २ नोव्हेंबरला, अमेरिकेची घड्याळं बदलली आणि न्यू जर्सीच्या ताईंचं तेच झालं, साडेदहाऐवजी साडेनऊ. दुबईवाला कायम साडेसहाला, त्याला काही नाही. चूक त्यांची म्हणावी तर आठवण माझ्याकडून जायला हवी होती.

एकाच कायमच्या लिंकचा तोटाही सांगते. ती फिरते. तुकडी सोडून गेलेल्याकडे ती राहतेच, भाच्याला पुढे पाठवलेली असते. दार ठोठावणाऱ्याला आत घ्यायचं की नाही हे माझ्या हातात असल्याने आजवर काही विपरीत घडलेलं नाही, पण दर वर्गाची पहिली पाच मिनिटं दारवानाचं काम करण्यात जातात. म्हणून लिंक तुकडीपुरती, आयुष्यभराची नाही. ऑक्टोबरमध्ये नवी तुकडी, नवी नोंद, नवा ग्रुप. जुन्या ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमधली लिंक त्याच दिवशी काढली.

एकूण या पद्धतीला माझे गुण पाचपैकी चार. कापलेला एक गुण अंशतः माझ्यासाठी, कारण डिसेंबरमध्ये घाईत फोनवरून 'नवीन मीटिंग' दाबून भलत्याच खोलीत एकटीच दहा मिनिटं बसले होते, आणि खऱ्या खोलीबाहेर सगळी तुकडी.

पुढची तुकडी मार्चमध्ये. डिस्क्रिप्शन आजच लिहून ठेवलंय. लिंकच्या खाली दोन ओळी जास्त आहेत: न्यू जर्सी, ८ मार्चपासून सकाळी साडेदहा. लंडन, २९ मार्चपासून दुपारी साडेतीन.