सत्त्याहत्तर पट्ट्यांपैकी खऱ्या फक्त अकरा

हे लिहायला मला तीन महिने लागले, कारण लाज वाटत होती. मी बँकेत नोकरी करते. सही करण्याआधी कागद नीट वाचा, असं रोज काउंटरवरून लोकांना सांगते. आणि माझ्याच घराच्या दोन भिंतींवर २,८२,१०२ रुपये खर्चून मी जे लावून घेतलं, ते लाकूड नव्हतंच. नवरा म्हणाला, कुणाला सांगू नकोस, हसतील. हसू देत. सांगली-मिरजेत आत्ता कितीतरी फ्लॅटांचं इंटिरिअर चालू आहे, आणि मला फसवणाऱ्या माणसाचं दुकान अजून उघडं आहे. नाव लिहीत नाही, कारण तक्रार दाखल केली आहे आणि वकिलांनी मनाई केली आहे.

आमचं जुनं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी तळमजल्यावर शिरलं आणि काही दिवस तिथेच राहिलं. पाणी उतरल्यावर आत गेलो तर एमडीएफचं (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेल्या फळ्यांचं) टीव्ही युनिट आणि वॉर्डरोब यांची अक्षरशः लापशी झालेली. हात लावला की चुरा पडायचा. आजेसासऱ्यांच्या वेळचे सागवानी दरवाजे मात्र धुऊन, सावलीत वाळवून परत बसवले आणि ते आजही लागतात. त्या दिवशी ठरवलं होतं, पुन्हा घरात एमडीएफ आणायचं नाही. मी अडाणीपणाने फसले असं कुणी म्हणू नये म्हणून हे आधी सांगतेय. मला काय नको आहे ते पक्कं माहीत होतं, आणि मी ते दुकानात शिरताना पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

विश्रामबागेतल्या फ्लॅटचा हॉल अंधारा आहे, समोर लगेच दुसरी इमारत. सागवानाने तो आणखी काळवंडला असता, म्हणून फिकट रंगाचं कठीण लाकूड हवं होतं. मी वाचून, चार ठिकाणी फिरून गेले होते. स्टीम बीच गुलाबीकडे झुकतं. मेपल सुंदर, पण बजेटबाहेर. पाइन फिकट असतं, पण मऊ, नखाने वळ उठतो. एका वखारीत ‘सिल्व्हर ओक’ दाखवलं. ते ओक नाहीच, कॉफीच्या मळ्यात सावलीसाठी लावतात ते ग्रेव्हिलियाचं झाड. तस्मानियन ओकही ओक नव्हे, ऑस्ट्रेलियातली निलगिरी. नावावर जाऊ नका, झाडाचं शास्त्रीय नाव विचारा. हे मला माहीत होतं, मी ते विचारलंही. शेवटी व्हाइट अ‍ॅशवर आले. रंग फिकट, रेषा ठळक, वजनदार.

त्या दुकानातला नमुना खरा होता, आजही छातीठोकपणे सांगते. सहा इंचांचा तुकडा, टोकाकडून पाहिला तर वर्षावलयांवर बारीक छिद्रांच्या ओळी, अ‍ॅशला असतात तशा. मालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही दिलं: ‘१०० टक्के सॉलिड व्हाइट अ‍ॅश, १२ एमएम, किल्न ड्राय’, म्हणजे भट्टीत वाळवलेलं. आणखी काय करायचं असतं माणसाने?

हॉलची भिंत १६ बाय १०, बेडरूमची १२ बाय १०, म्हणजे २८० चौरस फूट. दहा टक्के वाया जाणार धरून ३०८. दर ६४० रुपये, म्हणजे १,९७,१२०. त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २,३२,६०२. आधी २१,००० टोकन दिलं, मग १,१०,०००, आणि माल उतरवायच्या आधी १,०१,६०२, सगळं यूपीआयने. टेम्पोचे ६,५०० वेगळे. मिस्त्रींची मजुरी १९,६००, रिपा आणि पॉलिशचे २३,४००. पॉलिशसुद्धा मुद्दाम पाण्याचं पीयू (पॉलियुरेथेन) घेतलं, कारण साधं पॉलिश फिकट लाकडाला पिवळं करतं. एवढी काळजी मी त्या रद्दीसाठी घेतली.

जानेवारीत ११ बंडलं आली, प्रत्येकात आठ फुटी सात पट्ट्या. मी प्रत्येक बंडलाची वरची पट्टी नखाने, नाण्याने, उजेडात धरून तपासली. अकराच्या अकरा खऱ्या होत्या. डाव तोच होता. प्लास्टिक फाडून खालची दुसरी पट्टी उचलायला किती वेळ लागला असता? पण टेम्पोवाला घाई करत होता, खाली सोसायटीचे सेक्रेटरी गाडी काढा म्हणत होते, आणि मालक फोनवर ‘मॅडम, पॅकिंग सोडलं की ओल धरेल’ म्हणत होता. पट्ट्यांच्या टोकांना पांढरा रंग होता, जिभेला आणि खाचेला, म्हणजे पट्ट्या एकमेकींत अडकवायच्या कडांना, क्रीम. विचारलं तर म्हणाला, सीलर आहे, टोकाला तडे जाऊ नयेत म्हणून. चांगल्या लाकडाच्या टोकांना सीलर लावतात हे खरंच आहे. अर्धं खरं बोलणारा माणूस पकडता येत नाही.

आता जे लिहितेय ते मला रात्री झोपू देत नाही.

हॉलमध्ये कापाकापी जवळजवळ नव्हती, सोळा फुटांत दोन पट्ट्या बरोबर बसत होत्या. बेडरूमची भिंत बारा फुटी, तिथे दहा पट्ट्या मधोमध कापाव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी मिस्त्री कटर बंद करून स्वयंपाकघराच्या दारात आले. मूठ उघडून दाखवली. म्हणाले, “वहिनी, भुसा बघा की जरा. असा पिठासारखा नसतोय लाकडाचा. पयल्या पट्टीचा बरोबर निघाला, ह्याचा तपकिरी पडतोय.” मी मूठ पाहिली. हळदीच्या गिरणीत धूळ उडते तशी बारीक, तपकिरी भुकटी. आणि मी म्हणाले, “मामा, ते परदेशी लाकूड आहे, सागवानासारखं नसणार.” मला वाटलं, आपण त्यांच्या ओळखीच्या वखारीतून माल घेतला नाही म्हणून ते खोट काढताहेत. ते काही बोलले नाहीत, परत गेले आणि काम केलं. चाळीस वर्षं लाकूड कापणारा माणूस मला मुठीत पुरावा दाखवत होता, आणि मी त्यांच्यापेक्षा एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर जास्त विश्वास ठेवला. तेव्हा थांबले असते तर बेडरूमचा निम्मा माल तरी तसाच परत करता आला असता. मिस्त्री शंका काढतील तर काम थांबवा. त्याच क्षणी, पैशांचा हिशेब नंतर.

दुसरी चूक बिलाची. मालक कच्च्या एस्टिमेटवर भागवायला बघत होता, मी भांडून पक्कं बिल घेतलं आणि फक्त खालची रक्कम पाहिली. वर लिहिलं होतं ‘डेकोरेटिव्ह पॅनेल’, एचएसएन (जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराचा आकडा) ४४११. ४४११ म्हणजे फायबरबोर्ड, म्हणजेच एमडीएफ. कापलेलं लाकूड ४४०७ मध्ये येतं, जीभ-खाच पाडलेल्या पट्ट्या ४४०९ मध्ये, व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) ४४०८, प्लायवूड ४४१२. हे पाच आकडे पाठ करा. माझ्या हातात कागदावर छापून दिलं होतं की हे एमडीएफ आहे, आणि मी ते घडी घालून फाइलला लावलं. नंतर जीएसटीच्या पोर्टलवर दुकानदाराचा जीएसटी नंबर टाकला तर नोंदणी कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत निघाली. कंपोझिशनवाल्याला ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही. म्हणजे माझे ३५,४८२ रुपये वरून आणखी लुटले. नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात, पैसे देण्याआधी बघा.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हॉलच्या खालच्या दोन ओळी फुगल्या. पश्चिमेची भिंत, पावसाची ओल थोडी येते, नाकारत नाही. पण ओलीने खरं लाकूड वाकतं, फट धरतं. कडेला पावासारखं फुगून भुगा होत नाही. लेकीचा तानपुरा दुरुस्तीला मिरजेला ज्यांच्याकडे जातो, त्यांना घरी बोलावलं. तुणीचं लाकूड कोरण्यात त्यांचा जन्म गेलाय. त्यांनी उरलेल्या सातांतली एक पट्टी मधोमध कापायला लावली आणि कापलेला भाग ओल्या फडक्याने पुसला. “वरची रेष आत उतरायला पाहिजे ना? इथं आत काहीच नाही, वर नुसतं चित्र आहे.” सुरीने खरवडलं तर कागदाएवढा पापुद्रा निघाला आणि खाली तपकिरी. मग भिंतीवर बोट ठेवून दाखवलं, तीच गाठ, तोच भोवरा, चार-चार ठिकाणी. एकाच ओंडक्याचे लागोपाठ कापलेले पापुद्रे. सहा महिने मी त्या भिंतीसमोर चहा पीत होते.

दुकानदाराने आधी माझ्या भिंतीला दोष दिला, मग फोन उचलणं बंद केलं.

पोलीस ठाण्यात मी चार वेळा गेले. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी तीन तास बाकावर बसवून सांगितलं, “माल मिळालाय ना? मग फसवणूक कशी? ही दिवाणी बाब आहे.” मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ छापून नेलं होतं. कागद न वाचता बाजूला ठेवला. तिसऱ्या वेळी माझंच बिल माझ्यासमोर धरून म्हणाले, “ह्यात लाकूड कुठे लिहिलंय? तुम्ही बँकेत आहात ना?” हे वाक्य मी विसरणार नाही. चौथ्या वेळी म्हणाले, हे लाकूड नाही असा दाखला आणा. कुणाकडून, ते सांगितलं नाही. एका सरकारी कार्यालयात गेले तर म्हणाले, आम्ही तोडलेल्या झाडांचं बघतो, फर्निचरचं नाही. दुसऱ्यात अर्ज घेतला, पोच द्यायला नकार दिला. पोच मागितली म्हणून माझ्यावरच आवाज चढवला. ग्राहकाने रजा काढून, रिक्षाचे पैसे घालून, झेरॉक्स काढून दारोदार फिरायचं, आणि चोर मात्र दुकानात गादीवर बसलेला. दोन लाख हे त्यांच्या लेखी किरकोळ असतील. माझ्या पगाराचे ते चार महिने आहेत.

शेवटी ग्राहक आयोगाचा रस्ता धरला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. १९१५ या हेल्पलाइनवर आधी नोंद करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुसू नका, फोनही बदलू नका. ते पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आयोग माल प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्यामुळे उरलेला माल भंगारात देऊ नका. आणि बिलावर झाडाचं नाव, ‘सॉलिड’ हा शब्द आणि जाडी, तिन्ही लिहून घ्या. देत नसेल तर उठून या. प्रत्येक बंडलातली मधली पट्टी ओढून, तुमच्या मिस्त्रींसमोर, टोक एक इंच कापून बघा. आणि कापून बघेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

मिस्त्रींच्या घरी जाऊन आले. माफी मागितली. ते म्हणाले, “वहिनी, मीच जोर लावून सांगायला पायजे हुतं.” आयोगापुढे साक्षीला येतो म्हणालेत, एक दिवसाचा रोज बुडवून.

भिंत अजून काढलेली नाही, पाहणी व्हायची आहे. कापलेल्या पट्टीचा तुकडा आणि मिस्त्रींकडे राहिलेला खऱ्या अ‍ॅशचा तुकडा, दोन्ही मी पर्समध्ये ठेवते. सांगली-मिरजेत कुणी फिकट लाकूड घ्यायला निघालं असेल तर कळवा. शनिवारी दुपारनंतर मी दोन्ही तुकडे घेऊन तुमच्याबरोबर वखारीत येईन.