लोकांसाठी खुल्या केबल वाहिनीच्या केंद्राचा अनुभव

अमेरिकेतील आमच्या शहराच्या या केंद्रात कॅमेरा हाताळण्याचे प्रशिक्षण घेऊन मी वर्षभर कार्यक्रम करत आहे, आणि इतकी मोकळीक मला अन्यत्र मिळालेली नाही. आशयात कोणी ढवळाढवळ करत नाही. ध्वनीची बाजू मात्र लंगडी आहे. मिक्सरची एक कळ बोटाने दाबून धरली नाही, तर पाहुण्याचा आवाजच जातो. दुरुस्ती रखडते, कारण १९८४च्या केबल कायद्यानुसार शहराला कंपनीच्या केबलसेवेच्या उत्पन्नातून जास्तीत जास्त ५ टक्के शुल्क घेता येते, त्यातलाच वाटा केंद्राला मिळतो, आणि ग्राहक केबल बंद करून इंटरनेटकडे वळल्याने तो आटत चालला आहे. तरीही नगरपरिषदेची सभा (कंटाळवाणी का असेना) काटछाट न करता दाखवणारे इथे दुसरे कोणी नाही.