बुज बिम : ज्वालामुखीची कथा जागेवर ऐकवणारी सहल

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नहून पश्चिमेला मोटारीने साधारण चार तासांवर, हेवूड गावाजवळ बुज बिमचा ज्वालामुखी आणि त्याच्या लाव्हाने घडवलेला पाणथळ प्रदेश आहे. तेथील मूळ रहिवासी असलेल्या गुंडितजमारा समाजाचे मार्गदर्शक हा प्रदेश स्वतः दाखवतात. त्यांच्यासोबत टे रॅक तलावाकाठची सहल केल्यावर मला वाटते की व्हिक्टोरियातील मराठी कुटुंबांनी ग्रेट ओशन रोड या समुद्रकाठच्या रस्त्याच्या प्रवासाला एक दिवस जोडून येथे अवश्य यावे.

गुंडितजमारा परंपरेनुसार आदिकाळी चार महाकाय पूर्वज या भूमीवर आले. तिघे दूर निघून गेले. चौथा येथेच बसून राहिला, त्याचा देह डोंगर झाला आणि बाहेर पडलेला लाव्हा म्हणजे त्याचे दात. आमच्या मार्गदर्शकांनी ही कथा त्याच काळ्या, भोकाभोकांच्या दगडांवर उभे राहून, आजोबांची हकिकत सांगावी इतक्या सहजपणे सांगितली. शास्त्राच्या पुराव्याचा टेकू त्यांनी तिला मुळीच दिला नाही, आणि ते मला फार योग्य वाटले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार बुज बिमचा उद्रेक सुमारे ३७,००० वर्षांपूर्वीचा आहे. जवळच्या टॉवर हिल या ज्वालामुखीचे वयही जवळपास तेवढेच आहे, आणि त्याच्या राखेच्या थराखाली १९४० च्या दशकात दगडी कुऱ्हाड सापडलेली असल्यामुळे, डोंगर पेटला त्या वेळी या मुलखात माणूस होता हे उघड आहे. ही कथा प्रत्यक्ष पाहणाऱ्यांपासून चालत आली असे सिद्ध करता येत नसले, तरी ती शक्यता हसण्यावारी नेण्याजोगी नाही. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, परंतु तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो पाहायला कोणी माणूस नव्हता.

लाव्हाने ओढ्यांच्या वाटा अडवल्या आणि पाणथळी तयार झाल्या. त्याच दगडांतून गुंडितजमारांनी चर खोदले, बांध रचले आणि वाम मासे अडवून वाढवण्याची तळी केली. त्यांतील सर्वांत जुन्या चराचे वय सुमारे ६,६०० वर्षे ठरले आहे. बांधाच्या फटीत गवताची लांब, निमुळती टोपली बसवली की पाण्याबरोबर येणारी वाम आपोआप आत शिरते. हे समोर पाहिल्यावर २०१९ मध्ये युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा का दिला, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तलावाकाठच्या केंद्रातील उपाहारगृहात धुरी दिलेली वाम मिळते. ती तेलकट आणि दाट चवीची असून कोकणातल्या माणसाला ती परकी वाटणार नाही.

माझी एकच सूचना आहे. तलावावर जाण्यापूर्वी बुज बिम राष्ट्रीय उद्यानात थांबून लेक सरप्राइज या विवरातील तळ्याभोवतीची पायवाट चालावी, कारण डोंगर न पाहता नुसते चर पाहिले तर कथा अर्धीच हाती लागते. सहलीची नोंदणी आधी करावी, पायांत जाड तळाचे बूट असावेत आणि शक्यतो हिवाळी पावसानंतर जावे. चरांतून पाणी वाहत असले म्हणजे बांधांची रचना नीट कळते.