स्कॉटलंड्सपीपल, सात महिने वापरल्यावर: आज्जीचे आजोबा सापडले ते त्यांच्या आईच्या माहेरच्या आडनावामुळे

परवा कार्डावरून साडेपाच हजार कापले गेले म्हणून आज लिहायला बसले. स्कॉटलंड्सपीपलने (स्कॉटलंडच्या जुन्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी दाखवणारी तिथली सरकारी साइट) नाही, दुसऱ्या एका वर्गणीवाल्या वंशावळ साइटने. चौदा दिवसांची फुकट ट्रायल मी वेळेत बंद केली होती तरी रिन्यू झाली, चार मेल टाकले, चारही वेळा तेच छापील उत्तर, पैसे अजून नाहीत.

आणि मी आधी नावं कोणाला ठेवत होते तर स्कॉटलंड्सपीपलला! एक पान उघडायला ६ क्रेडिट, म्हणजे दीड पौंड, म्हणजे आपले दीडशेच्या वर रुपये, आणि माणूस चुकीचा निघाला तरी पैसे गेले. पहिल्या महिन्यात चार पानं अशी वाया गेली तेव्हा अक्षरशः जीव तळमळला.

आज्जीचे आजोबा जीआयपी रेल्वेत (ब्रिटिश काळातली ग्रेट इंडियन पेनिन्सुला) फिटर होते, इगतपुरीला. घरात सगळे म्हणायचे एडिनबर्गचे मोठे साहेब. फिबिसची (ब्रिटिशकालीन भारतातल्या घराण्यांचा शोध घेणारी संस्था) यादी फुकट शोधता येते, तिथे मुंबई इलाख्यातल्या लग्नाचा धागा मिळाला, आणि मूळ नोंदीत त्यांच्या वडिलांचं नाव. बस, तेवढंच. आडनाव मॅकने सुरू होणारं (घरचं आहे, पूर्ण लिहीत नाही), कुठे मॅक, कुठे नुसतं एमसी, आणि तिकडे थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायची रीत, त्यामुळे एकाच नावाचे चुलत भाऊ ढिगाने. यातला आपला कुठला?

१८६३ चा ग्लासगोचा जन्म उघडला आणि माझं मतच बदललं. १८६१ पासून तिकडच्या जन्मनोंदीत आईबापाचं लग्न कधी, कुठे झालं तेही लिहितात. निघालं १८५८, किल्मारनॉक. ते पान उघडलं तर नवऱ्याचे आईवडील, नवरीचे आईवडील, आणि दोन्ही आयांची माहेरची आडनावं! एका पानावर चार आजी-आजोबा, दीड पौंडात. इंग्लंडच्या त्या काळच्या लग्ननोंदीत फक्त बापांची नावं असतात, आईचा पत्ताच नाही. आपल्याकडच्या वंशावळीत तर बायका नसतातच, माझ्या पणजीचं माहेरचं नाव आज घरात कोणालाही सांगता येत नाही. म्हणून मी याच गोष्टीवर अडून बसलेय, कोणी काही म्हणो.

मृत्यूच्या नोंदीतही आईबाप दोघं असतात, पण जपून. माहिती देणाऱ्याला जेवढं ठाऊक तेवढंच लिहिलं जातं. खापरपणजोबांच्या मृत्यूची खबर जावयाने दिली, त्याने सासऱ्याच्या आईचं आडनाव चुकवलं आणि मी तीन आठवडे भलत्याच घराण्यात फिरत होते. लग्नाची नोंद जास्त भरवशाची, ती माहिती स्वतः नवरानवरीने दिलेली असते.

१८८१ च्या जनगणनेत ते स्प्रिंगबर्नला (ग्लासगोतला रेल्वे इंजिनांच्या कारखान्यांचा भाग) सापडले, अठरा वर्षांचे, इंजिन फिटरकडे उमेदवारी. स्प्रिंगबर्नची इंजिनं भारतात यायची, त्यामागोमाग हे आले असणार. साहेब वगैरे कोणी नव्हते, हातात पाना धरणारा पोरगा होता आणि मला तो जास्त आवडला.

एक नोंद मी रोज उघडते (एकदा घेतलेलं पान खात्यात राहतं, परत पैसे नाहीत). त्यांच्या धाकट्या बहिणीचा मृत्यू, दोन वर्षांची, डांग्या खोकला. सहीच्या जागी फुली आहे, वर रजिस्ट्रारने आईचं नाव लिहिलंय. फुलीची एक रेघ शाई संपल्यासारखी अर्धी पुसट, मग तीच परत गिरवलेली. आपल्या घरच्या या बाईंना मी पहिल्यांदा भेटले ते तिथे.

घेणाऱ्यांनी एवढं बघा की १८५५ च्या (तिकडे सरकारी नोंदणी सुरू झाली ते वर्ष) आधीची चर्चची रजिस्टरं तुटक आहेत, जन्म नसून बहुतेकदा बाप्तिस्मा असतो, आणि १८४३ मध्ये चर्च फुटल्यावर बाहेर पडलेल्यांचं बरंचसं त्यात नाहीच. अलीकडच्या नोंदींचं म्हणाल तर जन्माला १००, लग्नाला ७५ आणि मृत्यूला ५० वर्षं झाल्याशिवाय पान ऑनलाइन दिसत नाही.

तीनदा ३० क्रेडिट घेतले, साडेबावीस पौंड, तेरा पानं. १२ शिल्लक आहेत, म्हणजे अजून दोन. एक १८९१ ची जनगणना, तोवर आई हयात होती का बघायला. दुसरं अजून ठरत नाहीये.