सेफ्ट्रायॲक्सोन की ॲमॉक्सिक्लॅव? लिव्हर आधीच नाजूक असेल तर

वडिलांना न्यूमोनिया झाला तेव्हा नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, या दोन अँटिबायोटिक्सपैकी कुठलंही इंजेक्शन चालेल. वडिलांचं लिव्हर फॅटी, घर निफाडला. तेव्हा जे विचारायचं सुचलं नाही, ते इथे लिहितेय.

सेफ्ट्रायॲक्सोन साधारण १ ते २ ग्रॅम, बहुधा दिवसातून एकदा. तब्येत स्थिर असेल तर गावाहून रोज येऊन घेता येतं. हे औषध काही लघवीवाटे, काही पित्तावाटे बाहेर पडतं. त्यामुळे कॅल्शियमबरोबर त्याचा पित्ताशयात गाळ साठू शकतो आणि सोनोग्राफीत तो खड्यांसारखा दिसतो. डोस मोठा, कोर्स लांब, पोटात अन्नपाणी कमी, तर शक्यता वाढते. औषध थांबवल्यावर तो बहुतेकदा आपोआप जातो. म्हणून उजव्या बरगडीखाली दुखलं आणि कुणी पित्ताशय काढायचं म्हणालं, तर हे इंजेक्शन चालू होतं हे आधी सांगा. लिव्हर आणि किडनी दोन्ही अधू असतील तर दिवसाला २ ग्रॅमच्या वर जात नाहीत.

ॲमॉक्सिक्लॅव शिरेतून सहसा दर ८ तासांनी, १.२ ग्रॅम. म्हणजे ॲडमिट राहणं आलंच. यातल्या क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडमुळे काहींना कावीळ होते. प्रमाण कमी आहे, पण वयस्कर पुरुषांत जास्त दिसते. मला खरी काळजी वाटते ती तिच्या वेळेची. कोर्स संपून ६ आठवड्यांपर्यंतही ती येऊ शकते. तोवर माणूस शेतावर परतलेला असतो; अंगाला खाज आली, लघवी गडद झाली, तरी औषधाचा संशय कुणाला येत नाही. या औषधाने पूर्वी कधी कावीळ झाली असेल तर ते पुन्हा घेऊच नका, मग ते गोळीतून असो वा सलाईनमधून.

आमच्यासारखी परिस्थिती असेल आणि जंतूला दोन्ही लागू पडत असतील, तर मी सेफ्ट्रायॲक्सोनबद्दल आधी विचारेन. पित्ताचे खडे आधीपासून असतील तर मात्र डॉक्टरांशी पुन्हा बोलेन. लिव्हरला सौम्य म्हणून मेरोपेनेम हे तिसरं अँटिबायोटिक मागायला जाऊ नका, ते गंभीर संसर्गासाठी राखून ठेवायचं औषध आहे. अमिकासिन हे आणखी एक अँटिबायोटिक लिव्हरला फारसं त्रास देत नाही, पण किडनी आणि कानांवर येतं. सिरॉसिसच्या (लिव्हर कडक होऊन निकामी होत गेलेल्या) रुग्णात तर ते शक्यतो टाळतात.

काहीही निवडलं तरी पहिल्या डोसआधी एसजीपीटी आणि बिलिरुबिन या लिव्हरच्या रक्ततपासण्या करून घ्या. मोठ्या संसर्गानेच हे आकडे वर जातात. आधीचा रिपोर्ट नसेल तर नंतर दोष औषधाचा की तापाचा, हे ठरवणं कठीण होतं. एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीच्या वर आणि बिलिरुबिनही दुपटीच्या वर गेलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. घरी गुळवेलीचा काढा चालू असेल तर तेही लपवू नका. कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी त्यातून लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदवले आहेत.

डिस्चार्जच्या वेळी कागदावर कुठलं औषध, किती दिवस, हे लिहून घ्या. सलाईन काढून ॲमॉक्सिक्लॅवचीच गोळी दिली असेल, तर ते ६ आठवडे शेवटच्या गोळीपासून मोजायचे.