एस्प्रेसोसोबत काय: बिस्कॉटी की आइस्क्रीम?

बिस्कॉटी, म्हणजे बदामाचं इटालियन बिस्किट, दोनदा भाजलेली असते, म्हणून दाताला कडक. कपात दोन-तीन सेकंद बुडवायची, बस. जास्त ठेवली की तुकडा तळाशी गेलाच. बदामाचा खमंगपणा कॉफीवर कुरघोडी करत नाही.

व्हॅनिला आइस्क्रीमचं गणित उलटं. गोळ्यावर 30 मिली गरम एस्प्रेसो (म्हणजे एक शॉट) ओतला की झाला आफोगातो, म्हणजे इटालियनमध्ये ‘बुडालेला’. कडेनं तपकिरी ओघळ उतरतात, कडवटपणा दुधाच्या सायीत मुरतो. शॉट जरा जास्तच कडू उतरला असेल (घरी उतरतोच!), तर हा नामी उपाय. फक्त वाटी आधी फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर बघता बघता नुसतं गोड दूध उरतं.

कॉफीच्या बिया ताज्या आणि शॉट मनासारखा जमलेला असला, तर मी बिस्कॉटीच काढतो.